पेटीवाल्याचा उशीर

रात्री साडेदहानंतर आमच्याकडे पंखा बंद होतो. फ्रिजचं बटणही मी हळूच खाली करतो, गल्लीकडची खिडकी लावतो आणि पेटीसमोर बसतो. मिरजेत एप्रिल महिन्यात असं वागायला माणूस गाण्याचा वेडा असावा लागतो, नाहीतर नुसताच वेडा. बायको उशी घेऊन गच्चीवर जाते. जाताना एवढंच म्हणते, "सकाळी दूध नासलेलं निघालं तर त्या डबीतच ओतीन."

डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. जेवणाच्या डब्याहून लहान, पत्र्याची, हाताला जड लागणारी. पुढच्या अंगाला माइकची दोन तोंडं, आवाज कमीजास्त घ्यायचे, म्हणजे गेनचे, दोन नॉब, हेडफोनचं भोक. मागं यूएसबीची वायर. माइकमधून येणारी विजेची बारीकशी थरथर ती मोठी करते, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते आणि ते आकडे टॅबलेटकडे नाहीतर लॅपटॉपकडे धाडते. तिकडून परत आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून कानात सोडते. मोजण्यात ती चुकत नाही. घोळ होतो तो जाण्यायेण्याच्या वेळेत, आणि वेळ हेच आम्हा पेटीवाल्यांचं जुनं दुखणं.

मी विमा कंपनीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी साथ करतो. सोलो पेटी वाजवणारे लोक वेगळे. त्यांच्यापुढं मी पेटीचं झाकणही उघडणार नाही. मी साथीचा माणूस. अण्णांकडे अकरा वर्षं शिकलो, त्यातली निम्मी शिव्या खाण्यात गेली, आणि त्या शिव्या तालावरून कमी, उशिरावरून जास्त होत्या. गायक स्वर घेतो, तो कानावर पडला की पेटीवाला घेतो. मधे जे अंतर पडतं त्यातच सगळी साथ. ते वाढलं की अण्णा म्हणायचे, "आलं बघा वरातीमागून घोडं." आणि अंतर अजिबात उरलं नाही, म्हणजे गायकाच्या तानेबरोबरच माझी तान पडली, की पेटीच्या झाकणावर टिचकी. "तुला आधी कसं कळलं? त्यानं चिठ्ठी दिली होती काय?"

आधीच पेटीला मींड नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारायची. त्यावरून तिनं पुष्कळ सोसलंय. १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओवर तिला बंदी होती. गळा जिथं घसरत जातो तिथं पेटीवाल्याला दोनदोनशे मिलिसेकंद विचार करत बसता येत नाही. अर्थात मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. तो डबीनं दिला.

डबी घरात आली भाचीमुळे. ती मिरजेतच गाणं शिकली आणि नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेली. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा तिनं फर्मान काढलं, "मामा, तू इकडून पेटी धर, मी इकडून गाते." टॅबलेट स्टुलावर ठेवून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. मी सा लावून धरला. चार सेकंदांनी ती म्हणाली, "मामा, सोडलास का?" मी सोडला नव्हता. भाता चालू होता, बोट पट्टीवर होतं. ती असली ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, मिक्सर, रस्त्यावरचा ट्रक असं समजून ती तो पुसून टाकतात. माझा षड्ज त्यांनी पंख्यात जमा केला होता. तिच्या तानपुऱ्याची तर मला चाहूलही लागली नव्हती. हे पुसणं बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते हे पुढं कळलं, पण त्यानं दुसरी गोष्ट सुटली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूनंच साठ-बासष्ट मिलिसेकंद, जाऊनयेऊन सव्वाशे. हे नुसतं प्रकाशाचं भाडं. वर ॲपचा, वायफायचा, वाटेतल्या यंत्रांचा हप्ता वेगळा. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढं अंतर पडलं की लय ओढली जायला लागते. आमची मध्यलय दोन आवर्तनांत विलंबित झाली. ती माझी वाट बघायची, मी तिची. "पहले आप" करत दोघंही गाडी चुकलो. शेवटी ठरलं की तिनं गाऊन पाठवायचं आणि मी त्यावर पेटी वाजवून परत पाठवायची. त्यासाठी बरा माइक आणि डबी.

डबी आणली आणि टॅबलेटला जोडली. तिच्यावरचा दिवा लागला, विझला, आणि स्क्रीनवर पाटी आली की या वस्तूला फार वीज लागते. माझा टॅबलेट जुना. डबीला पोसण्याएवढं त्याच्याकडं नव्हतं. यूएसबीच्या साध्या जोडणीत पाच व्होल्टला पाचशे मिलिॲम्पियर मिळतात, तेही कॉम्प्युटरच्या तोंडातून. टॅबलेट त्याहून हात आखडता घेतो. त्यात माझा माइक कंडेन्सर, त्याला वेगळे ४८ व्होल्ट लागतात. ते डबीच पुरवते, माइकच्याच वायरीतून, आवाजाला धक्का न लावता. भुतासारखी न दिसणारी वीज, म्हणून तिचं नाव फँटम पॉवर.

या ४८ आकड्याची गोष्ट मला फार आवडते. १९६६ साली न्यूमन या माइक बनवणाऱ्या जर्मन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी असे माइक केले. तिथल्या हिवाळ्यात दिवस जेमतेम उगवतो, त्यामुळं स्टुडिओत वीज गेल्यावर लागणाऱ्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माइकला वापरली आणि जगभर तो आकडा बसला. हेच काम मिरजेत झालं असतं तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचे बारा व्होल्ट सगळ्या जगाच्या गळ्यात पडले असते.

उपाय सोपा निघाला. स्वतःचा चार्जर असलेला हब मधे घालायचा, म्हणजे डबी जेवते हबच्या ताटात आणि बोलते टॅबलेटशी. पुण्याला ऑफिसच्या कामाला गेलो होतो, तेव्हा तपकीर गल्लीतल्या पोरानं माझं अर्धं वाक्य ऐकूनच तो काढून दिला. "काका, पेटी का तबला?" एवढंच विचारलं. टॅबलेटला ड्रायव्हर वगैरे काही घालावं लागत नाही. डबी 'क्लास कंप्लायंट' असली, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या बोलीत बोलणारी असली, की लावल्या लावल्या चालते. मला वाटलं, झालं. लॅपटॉपला जोडायच्या आधीचा तो सुखाचा आठवडा.

लॅपटॉप घेतला, कारण टॅबलेटच्या काचेवर तुकडे कापताना माझं बोट नेमकं शेजारच्या तुकड्यावर पडायचं. लॅपटॉपला जोडल्यावर पहिल्यांदा ऐकू आली ती घूं. पेटी बंद, भाता बंद, तरी कानात घूं. आपल्या घरातली वीज पन्नास हर्ट्झची, तिची दुप्पट शंभर. पेटीवर शोधलं तर पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, पण किंचित चढी. मी त्या दिवशी काळी एकमध्ये भूप वाजवणार होतो. काळी एकला सा धरला तर पांढरी पाच होते तीव्र मध्यम. यमन असता तर चाललं असतं! भुपात मध्यमच वर्ज्य, आणि इथं लॅपटॉप तो अखंड लावून बसलेला, तोही बेसूर. चार्जर काढला, घूं बंद. लावला, घूं चालू. लॅपटॉप एका प्लगवर, हब दुसऱ्यावर, आणि दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणलं तशी घूं बरीच उतरली. उरलेली जाईना, म्हणून रेकॉर्डिंगपुरता मी लॅपटॉप बॅटरीवर चालवतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, "साहेब, आख्खं वायरिंग उघडावं लागेल." मी म्हटलं, राहू दे, भूप बॅटरीवर गातो.

आता उशीर.

हेडफोन लावून पहिल्यांदा पेटी वाजवली तेव्हा वाटलं, शेजारच्या खोलीत कुणीतरी माझी नक्कल करतंय. पेटीचा स्वर खोलीतून कानावर आलेलाच असतो, हेडफोन घातला तरी तो थोडा झिरपतोच, आणि मागाहून तोच स्वर डबीतून, लॅपटॉपमधून फिरून परत येतो. दोन्हींच्या मधे फट. मी हात पुढं टाकायचा आणि थांबायचा. पाच मिनिटांत लक्षात आलं की हात स्वतःचीच वाट बघायला लागलाय.

भानगड बफरची होती. कॉम्प्युटर आवाजाचे आकडे एकेक करून घेत नाही. तो बादली भरू देतो आणि भरली की उचलतो. माझी बादली होती १०२४ आकड्यांची. सेकंदाला ४४,१०० या हिशेबानं ती भरायला तेवीस मिलिसेकंद लागतात. येताना एक, जाताना एक, झाले सेहेचाळीस, वर किरकोळ. बादली १२८ ची केली तर तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. मग सगळेच लहान बादली का वापरत नाहीत? कारण लहान बादली फार वेळा उचलावी लागते, आणि कॉम्प्युटर तेवढ्यात दुसऱ्या कामात अडकला तर पाणी सांडतं. सांडल्याचा आवाज येतो, तडतड, ओल्या फटाक्यासारखा. विंडोजवर आवाजाची नेहमीची वाट सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून जाते, तिथं आणखी वेळ मोडतो. तो फेरा टाळायला स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९७ मध्ये एएसआयओ नावाची आडवाट काढली. डबीबरोबर आलेला तिचा ड्रायव्हर घातला, बादली आधी ६४ केली, तडतड झाली. १२८ केली, एखादवेळी तडतड. २५६ वर लॅपटॉप शांत झाला आणि मीही.

डबीवर 'डायरेक्ट' लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरची पायरी न चढता थेट हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळपास शून्य. हे बटण माझ्या नाकासमोर पंधरा दिवस होतं. मी ते दाबलंही होतं एकदा, पण सॉफ्टवेअरमधलं ऐकणं बंद केलं नव्हतं, त्यामुळं एका पेटीच्या दोन पेट्या ऐकू आल्या आणि मी घाबरून ते परत काढलं. माहितीपुस्तिका न वाचण्याचा हा आमचा घरंदाज बाणा.

या खटपटीतून मला एक वेगळीच सवय लागली, मोजायची. हवेतून आवाज मिलिसेकंदाला फूटभर जातो. बैठकीत मी गायकापासून चार फुटांवर बसतो, म्हणजे चार मिलिसेकंद तर नुसत्या बसण्याचे. बाकीचा उशीर माझा. तो किती? आणि अण्णांचा किती होता?

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या साथीची माझ्याकडं एकच कॅसेट आहे, गल्लीतल्या गणपतीपुढच्या गाण्याची, भोंग्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेली. एका रविवारी जुन्या टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून डबीच्या दोन तोंडांत घातली आणि कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवली. फीत मधेच लांबलेली, शी-शी अखंड, पाठीमागं कुणाचं तरी पोर रडतंय. पण मालकंसाची आलापी आहे. स्क्रीनवर आवाजाची लाट मोठी करून, कान लावून, मी एकेका स्वराला खूण करत गेलो. गायकाचा स्वर इथं लागला, अण्णांची पट्टी इथं दबली. फीत सारखी चालली नसणार, म्हणून आकडे तंतोतंत नाहीत, आणि गळा नि पेटी एकमेकांत मिसळल्यावर वेगळं करणं डोळ्याला जमत नाही, कानालाच विचारावं लागतं. दोन रात्री गेल्या.

आलापीत अण्णा मागं असायचे, दोनशे-अडीचशे मिलिसेकंद, कधी जास्तच. मला हे कधीच जाणवलं नव्हतं. गायक स्वरावर ठरेपर्यंत ते पट्टीला हातच लावत नव्हते. तानेत ते अंतर आवळत आवळत इतकं कमी होत गेलं की खूण कुठं करावी कळेना. म्हणजे माझा समज होता तसा अण्णांचा उशीर ठरलेला नव्हता. त्यांची बादली गायकाप्रमाणं लहानमोठी होत होती, आणि तडतड कुठंच नाही.

आणि एका जागी ते आधी होते.

मी तीनदा परत लावून पाहिलं. अंतरा संपवून गायक खाली येतोय, मध्यमावर यायचंय, आणि तो जरासा कुठंतरी हरवतो. श्वास कमी पडला असेल, लक्ष गेलं असेल. एवढ्या भोंग्यांत आणि पोरांत जाईल नाहीतर काय. तेवढ्यात पेटीचा मध्यम येतो. जोरात नाही, एक बोट ठेवून उचलल्यासारखा. मग गायक त्यावर उतरतो. आधी पेटी, मागून गळा. पुढं कुणीतरी "वाहवा" म्हणतंय, आणि ती दाद गायकालाच आहे. चिठ्ठी, मी म्हटलं, अण्णा, तुम्हालाही मिळत होती तर.

त्यानंतर महिन्याभरात भाचीनं बागेश्रीची बंदिश पाठवली. काळी चारमध्ये, तानपुऱ्यावर, तबल्याचं ॲप लावून. फाइल उघडली आणि आवाज ऐकून गलबललोच. पोरगी इतकी भारदस्त कधी झाली? मग पेटीवर सा शोधायला गेलो तर तो पांढरी पाचवरही नाही आणि काळी तीनवरही नाही, दोन्हींच्या मधल्या फटीत. माणूस अशा पट्टीत गात नाही. तिचं रेकॉर्डिंग सेकंदाला ४८,००० चं, माझी डबी ४४,१०० वर अडकलेली, आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नाही. त्यामुळं चार मिनिटांची बंदिश चार मिनिटं एकवीस सेकंदांची झाली होती आणि पट्टी दीड अर्धस्वर खाली बसली होती. ४४,१०० हा विचित्र आकडाही व्हिडिओच्या फितीवरून आलाय. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, तिथल्या रेघांच्या हिशेबात तो बसला आणि १९८२ मध्ये सीडीबरोबर बाजारात आला. चित्रपट-व्हिडिओवाल्यांनी पुढं ४८,००० धरला. या दोघांचं भांडण माझ्या दिवाणखान्यात येऊन मिटलं. सेटिंग बदललं, भाची परत तिच्या वयाची झाली.

पंखा बंद करून वाजवायला बसलो. माइक पेटीच्या जाळीच्या वर हातभर, जरा तिरका, म्हणजे भात्याची फुसफुस कमी येते. पहिल्या खेपेला बंदिश मी नुसती एकदाच ऐकलेली होती. वाजवलं, दोन ठिकाणी हात मागं पडला, एक तान निम्मीच हाताला लागली. दुसऱ्या खेपेला बरं गेलं. तिसऱ्या खेपेला एकही चूक नाही, आणि ऐकून मला माझाच राग आला. रेकॉर्डिंगमधली गायिका दर वेळी तेच गाते. तिसऱ्या खेपेला मला सगळं पाठ झालेलं. ती स्वर घेण्याआधी माझं बोट पट्टीवर तयार, तानेला तान जुळलेली, जसे शाळेच्या कवायतीत हात वर जातात. अण्णा समोर असते तर झाकण फुटलं असतं.

मी पहिली खेपच पाठवली. वर लिहिलं, दोन ठिकाणी मागं आहे, चालवून घे.

तिकडं सकाळ झाल्यावर तिचा निरोप आला. मागं पडल्याबद्दल तिनं काही म्हटलं नव्हतं. लिहिलं होतं, "मामा, दोन मिनिटं दहा सेकंदाला माझा श्वास तुटलाय. धैवतावर येताना. मला लाज वाटली म्हणून मी तुला सांगितलं नव्हतं. तिथं तू धैवत आधी दिलायस."

मी लॅपटॉप उघडून ती जागा लावली. खरंच होता, एक बोट ठेवून उचललेला. मला आठवत नाही. खाली तिची आणखी एक ओळ होती: "पण मामा, मी तर दोन दिवस आधीच गाऊन ठेवलं होतं. मला तो कसा ऐकू येणार?"

मी पंखा लावला.